उमराव जान आणि गळून पडलेली ‘अदा’

शाळेच्या स्नेहसंमेलनात एक गोष्ट आम्ही दरवर्षी पाहतो. घेरदार अनारकली घातलेली, कपाळावर एका बाजूला झूमर लावलेली एखादी मुलगी मंचावर येते, वाकून आदाब करते आणि खालून कुणीतरी ओरडतो, "वा, उमराव जान!" टाळ्या पडतात, हशा होतो. मुलगी मात्र गोंधळते. हे कौतुक आहे की टवाळी, हे तिला कळत नाही. एका वर्षी अशाच एका आठवीतल्या मुलीने दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, "उमराव जान म्हणजे नेमकी कोण?" आम्ही म्हणालो, "एका उर्दू कादंबरीची नायिका." तिने पुढे विचारले, "ती काय करायची?" इथे आम्ही अडखळलो. ‘मोठी झालीस की वाच’ असे काहीतरी बोलून धडा पुढे सुरू केला. उर्दू शिकवणाऱ्या माणसाने उर्दूतल्या एका महत्त्वाच्या कादंबरीबद्दल असे अडखळावे, ही आमच्या मनाला लागलेली गोष्ट आहे. हा लेख त्या अडखळण्यातूनच सुरू झाला.

कादंबरीचे नाव पुस्तकाबाहेर पडून लोकांच्या बोलण्यात रुळणे ही तशी नवी गोष्ट नाही. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘देवदास’ १९१७ साली बंगालीत प्रसिद्ध झाली. आज मराठीत ‘त्याचा देवदास झाला’ असे म्हणणाऱ्या शंभरांतल्या नव्वद जणांनी ती वाचलेली नसते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ ची. आपल्या महाराष्ट्रात एखाद्या सोशिक, संस्कार करणाऱ्या आईला ‘अगदी श्यामची आई’ म्हणतात, तेव्हा सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला आणखी काही समजावून सांगावे लागत नाही. उर्दू घरांत डिप्टी नजीर अहमद यांच्या ‘मिरातुल-उरूस’ (१८६९) या कादंबरीतल्या अकबरी आणि असगरी या दोन बहिणी अशाच बोलण्यात आल्या. फूहड सून म्हणजे अकबरी आणि सुगरण, हिशेबी सून म्हणजे असगरी. पण या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. नाव बाहेर पडले तरी त्याचा पुस्तकातला अर्थ फारसा बदलला नाही. देवदास पुस्तकातही झुरतो आणि बोलण्यातही झुरतो. उमराव जानच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. तिचे नाव बाहेर आले, तेव्हा त्यातला एक शब्द वाटेत गळून पडला आणि त्या शब्दाबरोबर तिचे निम्मे आयुष्यही गळाले.

मूळ कादंबरीचे नाव ‘उमराव जान अदा’. मिर्झा मुहम्मद हादी रुसवा यांनी ती १८९९ साली लखनौत प्रसिद्ध केली. रुसवा हा माणूस मोठा विलक्षण होता. जन्म १८५७ च्या आसपास, लखनौचा. रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते ओव्हरसियर झाले, रेल्वेच्या कामावर बलुचिस्तानात गेले, रसायनशास्त्राचे वेड लागले म्हणून नोकरी सोडून परतले. लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. खगोलशास्त्र, तर्कशास्त्र, उर्दूची लघुलिपी अशा अनेक विषयांत ते डोके घालत. अखेरची वर्षे त्यांनी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या दारुत्तर्जुमात, म्हणजे भाषांतर विभागात काढली आणि १९३१ साली तिथेच त्यांचे निधन झाले. मराठवाड्यातल्या वाचकांना यात एक जवळचा धागा सापडेल. हा भाषांतर विभाग सुरुवातीला ज्यांनी सांभाळला ते मौलवी अब्दुल हक त्या वेळच्या औरंगाबादशी अनेक वर्षे जोडलेले होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय तेव्हा औरंगाबादेतच होते. निजामाच्या राज्यातली आपली मुले उच्च शिक्षण उर्दूतून घेऊ लागली, त्या मोठ्या उद्योगात ‘उमराव जान अदा’च्या लेखकाचाही हात होता.

कादंबरीची कथा थोडक्यात अशी. लखनौच्या चौकात एका मित्राच्या खोलीवर शायरांची बैठक भरली आहे. शेजारच्या खिडकीआडून एक बाई चांगल्या शेरला दाद देते. तिला बैठकीत बोलावले जाते. ती उमराव जान. वय उतरणीला लागले आहे. रुसवा तिला तिची कहाणी सांगायला लावतात. फैजाबादेत (२०१८ पासून हा जिल्हा अयोध्या म्हणून ओळखला जातो) बहू बेगमच्या मकबऱ्यावर तिचे वडील जमादार होते. मुलीचे नाव अमीरन. वडिलांनी दिलावर खान नावाच्या शेजारच्या गुंडाविरुद्ध साक्ष दिली होती. तुरुंगातून सुटल्यावर सूड म्हणून त्याने ही पोर पळवली आणि लखनौत खानम जान नावाच्या कोठेवालीला सव्वाशे रुपयांत विकली. बुआ हुसैनीने तिला वाढवले. मौलवी साहेबांनी तिला फारसी शिकवली, ‘गुलिस्तां’ वाचून घेतले. ती गायला शिकली, शेर लिहायला शिकली. १८५७ च्या धामधुमीत लखनौ विस्कटले. फिरत फिरत ती फैजाबादला पोहोचली आणि आईला भेटली. पण भावाच्या इज्जतीपुढे तिला त्या घरात जागा उरली नाही. ती परत लखनौला आली.

बहुतेकांना कहाणी इथपर्यंतच माहीत असते. कादंबरी मात्र इथे संपत नाही. एक नवाब तिच्याशी आपला निकाह झाल्याचा खोटा दावा लावतो. ती वकील गाठते आणि कोर्टात लढते. ज्या दिलावर खानाने तिला विकले, तो पुढे तिच्याच ओळख पटवण्यामुळे पकडला जातो आणि फासावर जातो. तिने मुजरा सोडला आहे, साठवलेल्या पैशावर ती राहते आणि वाचनात दिवस घालवते. आपल्या आयुष्याकडे ती थंडपणे पाहते, स्वतःच्या चुका मोजते, पुरुषांच्याही मोजते. रुसवांनी लिहिलेली हस्तलिखित कहाणी हाती आली तेव्हा आधी तिला ती फाडून टाकावीशी वाटली, मग वाचता वाचता तीच त्यात गुंतली, असे ती शेवटी सांगते. म्हणजे कादंबरीतली उमराव ही मुख्यतः एक वाचणारी, लिहिणारी, हिशेब मागणारी प्रौढ बाई आहे.

आता पुस्तकाच्या नावाकडे पाहू. त्यात तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे मालक वेगळे आहेत. ‘उमराव’ हे नाव खानमने ठेवले. मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. ‘सरदार-उमराव’ आपण बखरीपासून वाचत आलो आहोत. अमीर या शब्दाचे ते अनेकवचन. अमीरन ते उमराव हा बदल एकाच अरबी धातूतला आहे. बापाने दिलेल्या नावाला घासूनपुसून कोठ्यावर चालेल असे केले गेले. दुसरा शब्द ‘जान’. तो धंद्याचा शब्द. तवायफांच्या नावामागे तो लागे. तिसरा शब्द ‘अदा’. हा तिचा तखल्लुस, शायर म्हणून तिने धारण केलेले नाव. पहिला शब्द विकत घेणारीचा, दुसरा बाजाराचा, तिसरा तेवढा तिचा स्वतःचा. रुसवांनी हे तिन्ही शब्द मुखपृष्ठावर घेतले. गंमत अशी की ‘रुसवा’ म्हणजे बदनाम, हेही लेखकाने घेतलेले नाव. बदनामी ज्याने स्वतःहून नावात घेतली, त्याने जिच्यावर बदनामी लादली गेली तिला तिच्या तखल्लुसाने ओळखले. हा त्या नावामागचा अदब आहे.

अशी शिकलेली तवायफ ही निव्वळ कल्पना नव्हती. वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी लखनौवर मोठे संशोधन केले आहे. १८५८ ते १८७७ या काळातील नगरपालिकेच्या करवसुलीच्या नोंदी पाहताना त्यांना आढळले की ‘नाचणाऱ्या-गाणाऱ्या’ या सदराखालच्या स्त्रिया शहरात सर्वांत जास्त कर भरणाऱ्यांच्या गटात होत्या. त्यांच्या नावावर घरे होती, बागा होत्या. बंडवाल्यांना मदत केली म्हणून इंग्रजांनी ज्यांची मालमत्ता जप्त केली, त्यांच्या यादीतही या स्त्रियांची नावे होती. पुढे इंग्रजांनी गोऱ्या सैनिकांच्या आरोग्याच्या नावाखाली १८६४ पासून कायदे केले आणि तवायफ, गायिका, वेश्या यांतला फरक पुसून टाकला. नोंदणी, सक्तीची तपासणी हे सगळ्यांनाच लागू झाले. गाणे आणि शायरी ज्यांची कमाई होती, त्या सरकारी कागदावर फक्त शरीर विकणाऱ्या ठरल्या. रुसवांनी कादंबरी लिहिली तेव्हा हे घडून गेले होते. त्यामुळे मुखपृष्ठावरचा तो ‘अदा’ शब्द आम्हाला इंग्रजांच्या नोंदवहीला दिलेल्या उत्तरासारखा वाटतो.

पुढे या नावाचा प्रवास कसा झाला? १९५८ साली हिंदीत या कथेवर ‘मेहंदी’ आणि ‘जिंदगी या तूफान’ असे दोन चित्रपट आले. त्यांनी कथा घेतली, नाव घेतले नाही. १९६१ साली खुशवंत सिंग आणि एम. ए. हुसैनी यांचे इंग्रजी भाषांतर आले. त्याचे नाव ‘द कोर्टेसन ऑफ लखनौ’, म्हणजे ‘लखनौची गणिका’. त्यात पुढे आले ते धंदा आणि गाव. १९७२ साली पाकिस्तानात हसन तारिक यांनी ‘उमराव जान अदा’ या पूर्ण नावाने चित्रपट काढला. १९८१ साली मुजफ्फर अली यांचा ‘उमराव जान’ आला आणि तेव्हापासून हे दोनशब्दी नाव भारतभर रूढ झाले. २००३ साली पाकिस्तानी दूरचित्रवाणीवर मालिका आली, तिने ‘अदा’ ठेवला. २००६ साली जे. पी. दत्ता यांचा चित्रपट आला, त्याने पुन्हा ‘उमराव जान’ एवढेच घेतले.

१९८१ च्या चित्रपटावर आमचा राग नाही. तो चांगला चित्रपट आहे. रेखा, संगीतकार खय्याम, गायिका आशा भोसले आणि कलादिग्दर्शक मंजूर या चौघांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्याच्या गजला अलीगढच्या उर्दू विभागातले प्राध्यापक शहरयार यांनी लिहिल्या. सांगलीत जन्मलेल्या एका मराठी गायिकेने त्या अशा गायल्या की लखनौकरांनीही मान डोलवावी. उर्दू ही कुणा एकाच धर्माची किंवा प्रांताची नाही, याचा याहून साधा पुरावा आम्हाला देता येणार नाही. शहरयार यांनी तर एका गजलेच्या मक्त्यात ‘अदा’ हा तखल्लुस आठवणीने गुंफला आहे. पोस्टरवरून गेलेले नाव गाण्यात टिकले. पण किती जणांना ते ऐकू आले? ऐकणाऱ्याला तिथे ‘अदा’ म्हणजे नखरा, लाडिक हालचाल एवढेच वाटते. ते एका शायर बाईचे नाव आहे, हे ध्यानात येत नाही. आणि चित्रपट संपतो तो ती घरातून परत आल्यावर, उजाड कोठ्यात आरशासमोर. कोर्टात लढणारी, वय झालेली, पुस्तक वाचणारी उमराव पडद्यावर आलीच नाही. जी लोकांच्या मनात राहिली ती कायम तरुण आणि कायम रडवेली.

तिथून पुढे हे नाव बाजारात गेले. कपड्यांच्या दुकानात ‘उमराव जान टाइप’ म्हटले की दुकानदार घेरदार पोशाख काढून दाखवतो. दागिन्यांच्या दुकानात ‘उमराव जान’ म्हटले की झूमर आणि मोठे झुमके पुढे येतात. लग्नाच्या संगीत कार्यक्रमात तो नाचाचा एक प्रकार होतो. गल्लीत ते टोमण्याचे नाव होते. कादंबरीतल्या पात्राला इतिहासात जागाही मिळाली. वाराणसीच्या फातमान कब्रस्तानात एक कबर उमराव जानची म्हणून दाखवली जाते. प्रत्यक्षात अशी बाई होऊन गेली याचा कादंबरीबाहेर भक्कम पुरावा नाही. तरीही लोकांना तिची कबर हवी आहे. ही एका अर्थी रुसवांच्या लेखणीला मिळालेली दादच आहे.

वाचकहो, यात आपले काय बिघडले, असे कुणी विचारील. आमच्या मते बरेच बिघडले. महाराष्ट्रात मुसलमान म्हटले की पडद्याने दोनच चित्रे दिली, नवाब आणि तवायफ. पुढच्या काळात तिसरे भयंकर चित्र आले, ते वेगळे. आपण या चित्रांत कुठे आहोत? कोकणातला बोटीवर जाणारा खलाशी, मराठवाड्यातला अल्पभूधारक शेतकरी, खानदेशातला बागवान, यांच्या घरात ना झुंबर होते ना शेरवानी. ज्या १८५७ ने उमरावला लखनौतून बाहेर काढले, त्याच १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतले विणकर पोट भरण्यासाठी दक्षिणेकडे आले आणि मालेगाव, भिवंडीत हातमाग ठोकून बसले. अवधच्या आणि पूर्वांचलच्या बोलीचे शब्द आजही त्यांच्या घरांत ऐकू येतात. उमरावच्या काळाचे खरे वारस शोधायचे तर ते मालेगावच्या यंत्रमागाच्या खडखडाटातही सापडतील. पण त्यांच्याकडे पाहून कुणी ‘वा, लखनौ!’ म्हणत नाही. उर्दू म्हटले की मुजरा आठवतो, कारखान्यातला कामगार आठवत नाही. आमच्या शाळेतली मुलगी उर्दूत भाषण करते तेव्हाही लोक तिच्या उच्चारांच्या गोडव्यावर बोलतात. ती काय म्हणाली, यावर क्वचितच बोलतात. ‘अदा’ या शब्दाचे जे झाले, तेच थोडेफार आमच्या भाषेचेही झाले.

दोष सगळा सिनेमावाल्यांचा आहे असेही नाही. आपण स्वतः काय केले? आपल्या किती घरांत ही कादंबरी कपाटाच्या मागच्या रांगेत ठेवली गेली! मुलींच्या हाती पडू नये म्हणून तिच्यावर दुसऱ्या पुस्तकाचे वेष्टन चढले. आम्ही स्वतः ती बी.एड.च्या वर्षात, एका मित्राकडून आणून, रात्री वाचली. वाचून झाल्यावर वाटले, यात लपवण्यासारखे काय होते? फसवून पळवलेल्या मुलीची कथा, तिला शिकवणाऱ्या एका भल्या मौलवींची कथा, इज्जतीच्या नावाखाली बहिणीला दारातून परत पाठवणाऱ्या भावाची कथा. लपवायचेच असेल तर त्या भावाचे वागणे लपवावे, कारण ते आपल्या आसपास अजून घडते. आपण पुस्तक लपवले, सिनेमाने पुस्तक कापले. दोघांनी मिळून त्या मुलीला फक्त टोमणा उरवला.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच १८९९ साली रुसवांनी ‘जुनून-ए-इंतजार’ नावाची छोटी पुस्तिका काढली. तिच्यात उमराव जान लेखिका आहे आणि ती मिर्झा रुसवांची कहाणी जगापुढे मांडते. तुम्ही माझे सगळे चव्हाट्यावर आणलेत, आता तुमचेही येऊ द्या, असा त्यामागचा भाव. आपल्या पात्राच्या हाती लेखणी देऊन स्वतःची झाडाझडती करून घेणारा लेखक त्या काळात आमच्या पाहण्यात दुसरा नाही. ही पुस्तिका शंभर वर्षांहून अधिक काळ जवळजवळ विस्मरणात गेली. २०१३ च्या सुमारास तिचे इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने आले आणि अभ्यासकांचे लक्ष पुन्हा तिकडे गेले. नावातून ‘अदा’ जाते, तेव्हा ही लेखणीही जाते.

जून २०२५ मध्ये मुजफ्फर अलींचा चित्रपट नव्याने दुरुस्त होऊन पुन्हा चित्रपटगृहांत लागला. दुरुस्तीचे काम आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पुढाकाराने झाले. जुन्या प्रतीवरचे ओरखडे काढले, रंग उजळले. हे काम मोलाचे आहे. पण फिल्मवरचे ओरखडे निघतात तसे शब्दावरचे निघत नाहीत. त्यासाठी कुणाला तरी ते पुस्तक उघडून वाचून दाखवावे लागते, आणि ते काम शिक्षकाचे आहे.

‘अदा’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आपण रोज वापरतो. नमाज अदा करतो, कर्ज अदा करतो. सरकारी मराठीतही रक्कम ‘अदा’ केली जाते. जे देणे लागते ते देऊन टाकणे, हा तो अर्थ. त्या आठवीतल्या मुलीचे एक उत्तर आमच्याकडे बाकी राहिले होते. ती आता अकरावीत आहे. मध्यंतरी ती दाखला न्यायला शाळेत आली, तेव्हा आम्ही तिला थांबवून सांगितले, "तू विचारले होतेस ना? उमराव जान अदा शायर होती. लहानपणी तिला पळवून विकले, तरी ती शिकली. जिने तिला फसवले त्यांना तिने सोडले नाही. आणि म्हातारपणी ती पुस्तके वाचत बसायची." मुलगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते वाईट नाव नव्हते."

आम्ही ग्रंथालयाच्या कपाटातून कादंबरी काढून तिच्या हाती दिली. वेष्टन घातले नाही.